साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब, असं विचारलं की उत्तर तासांत येतं. कुणी चौदा म्हणतं, कुणी सोळा. ज्याच्या घरचं कुणी नुकतंच जाऊन आलंय, तो म्हणतो, ‘एक अख्खा दिवस गेला बघा.’ यातलं कुठलंही उत्तर खोटं नाही, फक्त प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलेली असते. दोन विमानतळांमधलं जमिनीवरचं अंतर, विमानाने प्रत्यक्ष कापलेलं अंतर, हवेतला वेळ, तिकिटावरचा वेळ आणि उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा वेळ असे हे पाच आकडे आहेत. त्यांतला पहिला तेवढा कायम राहतो. उरलेले चार वारा, इंधन आणि देशादेशांची भांडणं ठरवतात. गेली काही वर्षं तर भांडणांचा वाटा वाढतच चालला आहे.

कायम राहणाऱ्या आकड्यापासून सुरुवात करू. मुंबईचा विमानतळ उत्तर अक्षांश १९ च्या जरासा वर आहे आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ साधारण ४०.६ वर. दोघांच्या रेखांशांत जवळजवळ १४७ अंशांचा फरक आहे. पृथ्वी गोल धरून त्रिकोणमितीने हिशेब केला, तर अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर येतं. पृथ्वी खरं तर पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी ती किंचित दबलेली आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर भरते, ध्रुवाकडे ६,३५७. हा चपटेपणा नेमका किती, याच्या जगातल्या महत्त्वाच्या मापांपैकी एक आपल्याच भूमीवर झालं. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी पुढे जॉर्ज एव्हरेस्टने उत्तरेकडे नेली. त्या मोजणीतून १८३० मध्ये निघालेला ‘एव्हरेस्ट लंबगोल’ भारताच्या नकाशांचा पाया म्हणून दीडशे वर्षांहून जास्त काळ वापरात होता. आज विमानांसाठी जगभर एकच लंबगोल धरतात. गोल आणि लंबगोल यांच्या हिशेबात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. प्रवाशाला तो जाणवायचा नाही.

जाणवतो तो नकाशाने केलेला घोळ. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा. रेघ अरबस्तान, इजिप्त, लिबिया आणि मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते. त्या रेघेवरून खरोखर उडालं, तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. म्हणजे जवळजवळ १,७०० किलोमीटर फुकट, मुंबई ते श्रीनगर इतके. आता पृथ्वीचा गोल हातात घ्या आणि त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकतो. मुंबईतून निघाला की तो सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या आसपास जातो, क्वेट्टाच्या जवळून तुर्कमेनिस्तानात शिरतो, मग पश्चिम कझाकस्तान ओलांडून व्होल्गाकाठच्या सारातोवपाशी येतो. याच सारातोव परिसरात १९६१ मध्ये युरी गागारिन अवकाशातून परत उतरला. पुढे मॉस्को आणि हेलसिंकीच्या लगतून नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँड, ग्रीनलँडचं अगदी दक्षिणेचं टोक, लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. हे ‘बृहद्वृत्त’. १९ अंशांवरून ४१ अंशांवर जायचं, पण वाटेत जवळजवळ ६५ अंशांपर्यंत चढायचं. मी हा हिशेब पहिल्यांदा वहीत केला तेव्हा मला तो चुकला असंच वाटलं होतं. पुन्हा मांडला, तरी ग्रीनलँडचं टोक जागचं हललं नाही.

या उत्तरेच्या वाटेचं एक फळ खिडकीतून दिसतं, आणि त्यावर थोडं थांबावं असं ते आहे. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. उत्तरेकडे जावं तसा हा वेग घटतो, कारण अक्षवृत्तं आखूड होत जातात. ६४ अंशांवर तो ताशी ७३० किलोमीटरच उरतो, आणि विमान तर ताशी ९०० ने पश्चिमेला चाललेलं असतं. म्हणजे त्या पट्ट्यात विमान पृथ्वीच्या फिरण्याला मागे टाकतं आणि सूर्य आकाशात उलटा सरकू लागतो. जूनमध्ये रात्री अकरा-साडेअकराला मुंबईहून निघालेलं विमान या वाटेने गेलं, तर रशियावर असतानाच उजव्या हाताच्या खिडकीत तांबूस पट्टा दिसू लागतो, आणि तो तासन्‌तास तसाच राहतो. पहाट होते, पण दिवस काही वर येत नाही. न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कला उतरताना कुठे खरा सूर्योदय होतो. दुसऱ्या महायुद्धात पर्थ ते श्रीलंका अशी समुद्री विमानसेवा होती. तीन प्रवासी, सत्तावीस ते तेहेतीस तासांची अखंड उड्डाणं. एका प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा, म्हणून ती सेवा ‘डबल सनराइज’ या नावाने ओळखली गेली. तिथे दोन पहाटा होत्या, आपल्या वाटेवर एकच पहाट ताणून लांब होते.

घड्याळाचा गोंधळही इथलाच. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. त्यामुळे फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा. सूर्याला विचाराल तर दोन्ही चूक. रेखांशांच्या हिशेबाने मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात ९ तास ४७ मिनिटं आहेत. पंचांगकर्त्यांना हा देशांतर संस्कार नवा नाही. गावागणिक सूर्योदय बदलतो, हे आपल्याकडे प्रत्येक पंचांगात गृहीत असतं. मुंबईने तर प्रमाणवेळ लागू झाल्यावरही स्वतःची वेळ सोडली नव्हती. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती. तिकिटावर मात्र निघण्याची वेळ इथल्या घड्याळाची आणि पोचण्याची तिथल्या घड्याळाची छापतात. ‘रात्री ११.२० ते पहाटे ५.२०’ हे वाचून सहा तासांचाच प्रवास आहे असं समजणारे ज्येष्ठ नागरिक मी पाहिले आहेत. त्यांना हसू नये. तिकिटावर लागणारा एकूण वेळ ठळक छापायला काहीच हरकत नाही, आणि बरेचदा तो बारीक अक्षरांत एका कोपऱ्यात असतो.

आता वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे आहेत. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून ते मोजले, पण अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिल्यामुळे तो जगाने फारसा वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हे वारे आडवे आले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं. वेळेवर त्यांचा परिणाम किती होतो, हे साध्या भागाकाराने कळतं. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा आणि अंतर १२,५०० किलोमीटर. सरासरी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर १४ तास ५३ मिनिटं लागतात, आणि तेवढाच वारा पाठीमागून मिळाला तर १३ तास १ मिनिट. जाण्यायेण्यात जवळजवळ दोन तासांचा फरक, आणि हे वारा मध्यम धरून. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर ‘कियारा’ वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी तिथे साडेसहा तासांच्या आसपास लागतात. हवामानबदलाने हे प्रवाह जोर धरतील आणि पूर्वेकडची उड्डाणं जितकी आखूड होतील त्याहून पश्चिमेकडची जास्त लांबतील, असं रेडिंग विद्यापीठातल्या पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये अटलांटिकच्या प्रवासासाठी दाखवलं आहे.

जवळची वाट म्हणजे लवकरची वाट नव्हे, याचा सर्वांत चांगला धडा एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवेने दिला. डिसेंबर २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा विमान पश्चिमेला, युरोप-अटलांटिकवरून जायचं. प्रत्यक्ष वाट सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने विमान उलट दिशेला, पूर्वेकडून पॅसिफिकवरून पाठवलं. वाट १५,३०० किलोमीटरची झाली, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं. आधीच्यापेक्षा दोनेक तास लवकर. पाठीमागून वारा होता, इतकंच. परतीला ते अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच यायचं. दिल्लीहून निघून दिल्लीला परत येईपर्यंत त्या विमानाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होई. दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले ठरावीक वेग एवढ्यावर वेळ सांगणारे जे आकडे आपण पाहतो, ते या एका उदाहरणापुढे टिकत नाहीत. ते सांगतात तो वेळ निर्वात आणि निर्मनुष्य पृथ्वीवरचा आहे.

निर्मनुष्य हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मुंबईचं बृहद्वृत्त सिंध आणि क्वेट्टावरून जातं, आणि तिथे भारतीय विमानांना आज जाता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती १६ जुलैला उघडली. जुलैच्या सुरुवातीपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. २४ एप्रिल २०२५ ला, पहलगामच्या हल्ल्यानंतर, ती हद्द पुन्हा बंद झाली. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. मुंबईला हा फटका त्या मानाने कमी बसतो. अरबी समुद्रावरून आखात, इराण किंवा इराक, तुर्कस्तान आणि मग युरोप अशी वाट मुंबईला फार वाकडी पडत नाही. पण जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्ध पेटल्यावर इराण आणि इराकचं आकाशही काही दिवस बंद झालं, आणि मग मुंबईचीही विमानं वाटेतून परत फिरली.

रशियाचं आकाश हा दुसरा पेच. फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून अमेरिका आणि युरोपच्या विमानांना रशियावरून उडता येत नाही; भारतीय विमानांना येतं. युनायटेडने त्या मार्चमध्ये न्यूअर्क–मुंबई सेवा थांबवली. हेलसिंकीहून टोकियोला पूर्वी साधारण नऊ तास लागायचे, आता तेरा. फिनलंडच्या फिनएअरची उभी पंचवीस-तीस वर्षांची योजनाच ‘आशियाला सर्वांत जवळचं युरोपीय शहर’ या एका भौगोलिक सत्यावर उभी होती. शहर जागच्या जागी आहे, मधली वाट गेली. विमानातल्या पडद्यावर नकाशा पाहत बसलेल्या माणसाला ही वळणं दिसतात, पण ती का, हे कुणी सांगत नाही. मला वाटतं, सांगायला हवं. तिकिटाचे वाढीव पैसे आणि पाय सुजवणारे जास्तीचे दोन तास तोच सोसत असतो.

इतकं लांब न थांबता जाणं ही तशी अलीकडची गोष्ट. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ ने हीच सेवा न्यूयॉर्कपर्यंत लांबवली. पुढची चाळीसहून जास्त वर्षं मुंबई–न्यूयॉर्क म्हणजे वाटेत लंडन किंवा फ्रँकफर्ट, आणि तिथल्या काचेआडच्या खुर्चीत पेंगत काढलेले तास. न थांबता जाणारी विमानं २००६–०७ च्या सुमारास आली. इतका उशीर लागला तो इंधनामुळे. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणाला बोइंग ७७७ शंभर टनांहून जास्त इंधन घेऊन निघतं. सगळे प्रवासी आणि त्यांचं सामान मिळूनही त्याच्या निम्मं वजन होत नाही. शेवटच्या तासाचं इंधन आधीचे चौदा तास वाहून न्यायलाही इंधन जळतं. म्हणून उड्डाणाचा पहिला टप्पा विमान तुलनेने खालून काढतं आणि हलकं होत जाईल तसं पायरी पायरीने वर चढतं. शिवाय ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळाचं इंधन आणि त्यावर अर्धा तास घिरट्यांचं, हे वेगळं बाजूला ठेवावंच लागतं. दोन इंजिनांच्या विमानाने उतरण्याजोग्या विमानतळापासून ठरावीक वेळेच्या आतच राहायचं, हाही नियम आहे. १९८५ मध्ये ती मर्यादा दोन तासांवर आली. आज काही विमानांना सहा तासांपर्यंत मुभा आहे, म्हणून ध्रुवाकडची आणि महासागरांवरची आकाशं त्यांना मोकळी झाली. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. सतरा तास, सुमारे १४ हजार किलोमीटर.

जगातला सध्याचा विक्रम सिंगापूर–न्यूयॉर्कचा आहे. अंतर १५,३४९ किलोमीटर, तिकिटावर पावणेएकोणीस तासांच्या आसपास. ते एअरबस ए३५० फक्त १६१ प्रवासी नेतं आणि त्यात इकॉनॉमी वर्ग नाही. एवढं इंधन न्यायचं तर माणसं कमी करावी लागतात. सिडनीहून न्यूयॉर्क आणि लंडन न थांबता गाठायची तयारी क्वांटासने चालवली आहे. २०१९ मधलं त्यांचं न्यूयॉर्क–सिडनी चाचणी उड्डाण १९ तास १६ मिनिटांचं होतं. पृथ्वीवर कुठल्याही दोन बिंदूंमध्ये वीस हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही, म्हणजे तंत्र आता काठाला टेकत आलं आहे. पण आपल्या घरातल्या माणसाला या विक्रमाचा उपयोग थोडा. त्याच्या कामाचा प्रश्न असतो तो वेगळाच: सोळा तास एका खुर्चीत बसवेल, की दुबईला नाहीतर लंडनला उतरून चार तास हातपाय मोकळे करावेत? पंचाहत्तरीच्या माणसाला गुडघे, मधुमेह आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा विचार करून डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते करावं. एरवी मी न थांबणाऱ्या विमानाच्या बाजूने आहे. अनोळखी विमानतळावर गेट शोधत फिरणं आणि दुसऱ्यांदा सुरक्षा तपासणीत चपला काढणं, हे इंग्रजी न येणाऱ्या एकट्या बाईला सोळा तासांच्या खुर्चीपेक्षा जड जातं. तिकीट काढणारी मुलं पाच-दहा हजार वाचवताना हे विसरतात.

तिकिटावरच्या वेळेबद्दलही एक गोष्ट. तो वेळ चाकांचा अडसर काढल्यापासून पुन्हा अडसर लावेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच नीट चालते. रात्री आंतरराष्ट्रीय विमानांची गर्दी झाली की धावपट्टीपाशी रांगेत जाणारा वेळही त्यात मोजलेला असतो. शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपन्या थोडा वेळ आधीच वाढवून धरतात. वीस मिनिटं लवकर पोचलो म्हणून वैमानिक अभिनंदन करतो, तेव्हा ती वीस मिनिटं बहुधा या राखीव वेळेतली असतात.

माझी आई २००९ च्या जूनमध्ये पहिल्यांदा बहिणीकडे न्यू जर्सीला गेली, तिच्या बाळंतपणासाठी. डायरी ठेवायची तिची सवय. साताऱ्याचं घर सोडलं सकाळी अकराला. मुंबईच्या विमानतळावर संध्याकाळी सहाला, कारण घाटात ट्रक बंद पडला तर काय, म्हणून आम्ही सगळेच घाबरलेलो. विमान हललं रात्री ११.२० ला, न्यूअर्कला दुसऱ्या दिवशी दुपारी २.५० ला थांबलं. इमिग्रेशन, सामान आणि कस्टमच्या माणसाला लोणच्याची बरणी दाखवणं यात दीड तास गेला. बहिणीच्या एडिसनमधल्या दारात पाच वाजता. एकूण तीस तास, त्यातले साडेपंधरा विमानात. अंतर सगळं मिळून १२,८०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी वेग ताशी ४३० भरतो, विमानाच्या वेगाच्या निम्म्याहून कमी. जमिनीवरचे पावणेतीनशे किलोमीटर आणि रांगा यांनी उरलेले साडेचौदा तास खाल्ले. ऑक्टोबरमध्ये ती परत आली तेव्हा विमानातले तास सव्वाचौदा लिहिलेत. सव्वा तासाचा फरक, बाकी नोंद नाही.

एडिसनला ती पोचली तेव्हा तिथे सकाळचे साडेसात वाजले होते. डायरीत मात्र संध्याकाळचे पाच आहेत, कारण मनगटावरचं घड्याळ तिने चार महिने साताऱ्याच्या वेळेवरच ठेवलं होतं. बाबांना फोन कधी करायचा, ते कळावं म्हणून.